बाळसं

मंगळवारी दहाला
जाइल्सगेटच्या चर्चमागल्या हॉलमध्ये
बाळं तोलतात.
डरममधला जानेवारी, दिवे अजून लावलेलेच.
ग्लेनिस काट्यावर कागद अंथरते,
तळवे एकमेकांवर चोळते,
मग शलाकाला उचलून ठेवते, लंगोटसुद्धा काढून.
आकडा थरथरतो. थांबतो.
चार किलो शंभर.
लाल वहीत एक टिंब पडतं
अगदी खालच्या दोन रेषांच्या मध्ये कुठेतरी.
अकरा आठवडे झाले.
अंगी लागत नाहीये.

माझ्याकडे दुसरा एक तक्ता आहे.
रजेवर आहे मी, तरी रात्री दोनला
एका हाताने हिला धरून
दुसऱ्याने लॅपटॉप उघडते.
त्या तक्त्यातली टिंबं वर पडतात,
कागदाबाहेर.

विश्व सत्तर कोटी वर्षांचं,
म्हणजे दात यायचेच दिवस ते,
आणि कुठल्याशा लालसर ठिपक्याच्या पोटात
एक कृष्णविवर बसलंय
शंभर कोटी सूर्यांच्या वजनाचं.
एवढं बाळसं?
कुणी भरवलं याला, आणि कधी?

हिशेब मांडते.
मेलेल्या ताऱ्याचं बी, शंभर सूर्यांचं धरू.
एक घास न चुकवता जेवलं
तरी दुप्पट व्हायला साडेतीन कोटी वर्षं.
अशी दुप्पट तेवीस वेळा.
ऐंशी कोटी.
पहिले तारे पेटून विझेतो दहा कोटी सरली होती,
हाताशी उरली साठ.
पुन्हा करते. तेवढेच येतात.

घाई करायचीही सोय नाही.
घास आत पडताना तापतो, उजळतो,
आणि तो उजेडच
पुढच्या घासाला मागे रेटतो.
अधाशासारखं खाल्लं तर ताटच दूर सरतं.
वर्गात शिकवताना दोन ओळींत संपायचं हे.
आता शलाका दूध ओढते,
त्यातलं अर्धं माझ्या खांद्यावर परत करते,
आणि मी त्या ओल्या डागाकडे बघत राहते
जसा काही तिथे एखादा स्थिरांक लिहिलेला आहे.

ओलुफेमी म्हणतो, बी लहान नव्हतंच.
लाखभर सूर्यांचा एक ढग होता,
तो तारा व्हायला थांबला नाही,
पेटलाच नाही,
सरळ स्वतःत कोसळला.
जन्मतःच वजनदार.
पाळण्यातले पाय, मी म्हटलं,
आणि ते त्याला इंग्रजीत समजावताना
माझंच हसू विरलं.

गणित जुळतं त्याचं.
मला ते आवडत नाही, एवढंच.
ज्यांना ग्रॅमाग्रॅमाने वाढावं लागलं नाही
त्यांच्याबद्दल सध्या माझं मत साफ नाही.

ग्लेनिसचे वडील खाणीत होते.
सातव्या महिन्यात जन्मलेले,
बुटांच्या खोक्यात कापूस घालून
चुलीजवळ ठेवलं होतं म्हणे.
पुढे त्याच हातांनी तीस वर्षं कोळसा काढला.
हे ती सांगते काट्यावरचा कागद चुरगाळत,
माझ्याकडे न बघता.
मग म्हणते, रेषा कशाला बघतेस, पेट,
पोरीकडे बघ.

पेट.
इकडे लाडाने असंच म्हणतात, सगळ्यांना,
बस ड्रायव्हरसुद्धा.
मला मात्र दर वेळी
मराठीतच ऐकू येतं ते.
न पेटलेल्या त्या ढगाला
कुणी म्हटलं असतं तर?

पुढच्या मंगळवारी चार किलो एकशे नव्वद.
ग्लेनिस टिंब काढते, पेनाला टोपण लावते,
डॉक्टरांशी बोलते तरीही, म्हणते.
नव्वद ग्रॅम.
दोन संत्र्यांएवढेही नाहीत,
आणि मी वेअर नदीच्या काठाने
घरी जाताना ते दोन्ही हातांत धरल्यासारखी चालते.

माझं गणित मशीनच्या रांगेत पडून आहे, एकशे चौदावं.
असू दे.
झोपलेल्या शलाकाच्या गालावर
काजळाची तीट लावते.
इवलीशी, काळी.
दृष्ट लागायला नको,
जवळच्यांची,
आणि आमच्यासारख्या
इतक्या लांबून टक लावून बसलेल्यांचीही.