शेवटचा हात

ओउलूच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर,
माझ्या टेबलाच्या खणात एकेचाळीस फोन आहेत.
प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर साल.
नवा अपडेट निघाला की एकेकाला उठवायचं,
चार्जर लावायचा, वाट बघायची.
कुणाचा कॅमेरा आंधळा होतो, कुणी उठतच नाही.
मी दमते. हे आधीच सांगून ठेवते,
म्हणजे पुढचं ऐकताना मला कुणी साध्वी समजू नये.

मार्चच्या बैठकीत आकडा ठरला: पाच वर्षं.
पाच का, सहा का नाही, इल्मारीनं विचारलं.
कुणीतरी कॉफी ओतत म्हणालं,
कुठेतरी रेघ मारायलाच हवी ना.
मीही मान हलवली.
रेघेपलीकडे कोण उभं आहे ते तक्त्यात नव्हतं,
तक्त्यात टक्के होते.
शून्य पूर्णांक आठ.

त्या शून्य पूर्णांक आठमध्ये माझा मामा निघाला.

तावेत्तीमामा, वय एक्याऐंशी, हाइलुओतो बेटावर एकटा.
फोन धडधाकट. बॅटरी त्यानंच बदललेली,
स्वयंपाकघरात, बटाटे सोलायच्या सुरीनं.
फक्त कानातलं यंत्र एका सकाळी त्याच्याशी बोलेना.
पडद्यावर एकच ओळ:
हे उपकरण आता चालणार नाही.

"चालतंय की!" मामा माझ्यावर ओरडला
(ऐकू न येणारी माणसं ओरडूनच बोलतात),
"दिवा लागतो, घड्याळ बरोबर आहे,
उद्या वारा कुठून येणार तेही सांगतो.
यात मोडलंय काय?"

मोडलं काहीच नव्हतं.
आम्ही अंग काढून घेतलं होतं, एवढंच.

मी विजेच्या बिलामागे लिहून दाखवलं:
कुलूप जुनं झालं की चोरांना किल्ली सापडते,
दर महिन्याला नवं कुलूप घडवायला माणसं लागतात,
चिप बनवणाऱ्यांनी आमच्याही आधी पाठ फिरवली,
ते तपशील देत नाहीत, आम्ही तरी काय करणार.
लिहिता लिहिता बिल संपलं.
मामानं चष्मा लावून सगळं वाचलं,
घडी करून खिशात ठेवलं,
आणि मला नावेच्या शेडमध्ये घेऊन गेला.

नाव उपडी होती. मे महिना.
चुलीवर कोमट केलेलं पाइनचं डांबर,
त्याचा तो धुरकट गोड वास.
त्यानं माझ्या हातात ब्रश दिला.
"बापानं बांधली. चोपन्न साली.
दर वसंतात एक हात द्यायचा.
एक वर्ष चुकलं तर चालतं, दोन चुकली तर फळी पिते."
मी धुळीत बोटानं लिहिलं: किती वर्षं द्यायचा?
"बसणारं माणूस आहे तोवर."

मग बराच वेळ नुसता ब्रशचा आवाज.
तो त्यालाही ऐकू येत नव्हता.
आपली बाजू संपवून तो म्हणाला,
या वेळी न ओरडता, जवळजवळ स्वतःशी,
"आणि ज्याला पुढे हात द्यायचा नसेल ना, हेल्का,
त्यानं खुशाल देऊ नये.
पण डबा घेऊन घरी जाऊ नये.
बाहेर ठेवावा. झाकण उघडं. ब्रश शेजारी."

पुढच्या बैठकीत मी सहा मागितली नाहीत, सातही नाहीत.
म्हटलं, पाच तर पाच,
पण नंतर झाकण उघडं ठेवू.
कुणाला जमेल तो देईल हात.
इल्मारी म्हणाला, कसलं झाकण?
माझी नखं अजून काळी होती.
विषय पुढच्या तिमाहीवर गेला.

मामानं जूनमध्ये नवा फोन घेतला.
घ्यावाच लागला, कान त्याचे होते.
पेन्शनीतले किती गेले ते सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.
जुना मला दिला, मोज्यात गुंडाळून:
"तुझ्याकडे खण आहे म्हणे."

खणात आता बेचाळीस.
त्याच्या पाठीवर मी चिकटपट्टी लावलेली नाही.
आठवड्यातून एकदा चार्ज करते.
घड्याळ बरोबर असतं,
आणि वारा कुठून येणार, तेही.