खळ आणि खय

पारोळ्याच्या वाचनालयानं तीन अ‍ॅटलास दिलेत बांधायला.
तिन्ही इंग्रजी, तिन्ही वेगवेगळ्या काळातले.
खळ मी घरीच शिजवतो, चिमूटभर मोरचूद टाकून,
म्हणजे कसर जवळ येत नाही.

पहिल्याची पाठ उंदरांनी खाल्लेली, आत पेकिंग शाबूत.
नानकिंग, कँटन, अमॉय.
दुसऱ्यात पेकिंग ठसठशीत
आणि बीजिंग त्याच्या बाजूला कंसात,
पोटभाडेकरूसारखं.
तिसऱ्यात पोटभाडेकरूच मालक.
कँटन कुठं गेलं म्हणून बोट फिरवलं
तर त्याच नदीकाठी ग्वांगचौ बसलेलं,
आणि अमॉयच्या बेटावर एक्सनं सुरू होणारं काहीतरी.
मी झियामेन वाचलं.
विसपुते मास्तर म्हणाले, शियामेन.

मग मास्तर बराच वेळ चष्मा पुसत बसले.
म्हणाले, सुपडू, अमॉयला चूक म्हणू नको.
धक्क्यावरचे कोळी, हमाल जवळपास तसंच म्हणत,
कुण्या परक्यानं ते कानावर पडलं तसं उतरवलं.
शियामेन ही राजधानीची जीभ.
गाव हललं नाही. कान बदलले.

मला त्यावर काही बोलता आलं नाही.
हात खळीत होते.

वडलांची जिनातली एक पावती आहे माझ्याकडे,
कपाशीच्या बोज्यांची. वर डी-एच-यू-एल-आय-ए.
धुलिया!
हसायचो आम्ही, साहेबाला ळ येत नाही म्हणून.
ळ आम्हाला तरी कुठं येत होता?
माय म्हणायची, मी धुयाले जास.
पहिलीत माझ्या तळहातावर पट्टी वाजली:
डोया नाही, डोळा. केयी नाही, केळी.
तेव्हापासून एसटीत मी धुळ्याचं तिकीट मागतो,
कंडक्टर माझ्याच बोलीचा असला तरी.

आता वाटतं, पावतीवरची ती शेवटची दोन अक्षरं,
आय आणि ए,
लिहिताना कारकून खिडकीशी उभ्या बाईचं
ऐकत असेल का?
पुरावा काही नाही. शाई आहे, तीही विटलेली.

तिसरा अ‍ॅटलास दाबाखाली ठेवला.
आतून बायकोनं विचारलं, खय उरनी का?
दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, पुण्याचं.
उरनी, म्हटलं मी.
जरा मोठ्यानंच.