सायकलवाला, अठ्ठावन्न

रंकाळ्यावरनं पहाटे निघालो तेव्हा
खिशात एक रुपया नव्हता, मुद्दाम.
होते ते बारा शब्द, पाठ केलेले,
आणि फोनमधला एक आकडा,
जो कळ्यापर्यंत दोनदा घसरला, एकदा चढला.

कळ्यात नायकवडीच्या पोरानं
पंक्चर काढून हसत कोड स्कॅन केला.
असळजला रसवाला म्हणाला,
"हे बँकेत घेत्यात व्हय?"
नाही म्हटलं.
त्यानं ग्लास भरला. "मग ऱ्हाऊ दे."
पहिली हार. आल्यालिंबाची.

गगनबावड्याच्या चढाला चेन उतरली, रेंजही.
धुक्यात हौसाक्काची टपरी.
दोन कटवडे, चहा, एक केळं.
तिच्या नातवाच्या फोनचा कोड मारला
आणि माझा फोन आभाळाकडं धरून उभा राहिलो.
गोल चाक फिरतंय, फिरतंय.
पैसे निघालेत, पोचले नाहीत,
कुठल्या वळणावर थांबलेत कुणास ठाऊक.

आक्का, म्हटलं, ही एक वहीच आहे,
सगळ्यांना दिसते, कुणाला खोडता येत नाही.
तिनं चुलीतला कोळसा घेतला
आणि भिंतीवर लिहिलं:
सायकलवाला, अठ्ठावन्न.
वर ट्रकवाले, एसटीचा कंडक्टर,
सरपंच. सरपंचाचं सगळ्यात मोठं.

"नाव लिहा की माझं."
"कशाला? गाव सांग."

करूळ घाट उतरताना ब्रेक तापले.
तळाला फोन थरथरला:
व्यवहार अयशस्वी.
तोवर माझा आकडा सातदा हलला होता.
भिंतीवर अठ्ठावन्नच असणार.

मान वर करून घाट बघितला.
धुकं.
आणि बारा शब्दांतला सातवा
काही केल्या आठवेना.