हॅच भरून नाही राह्यला

काहून वं डिंपल, हॅच भरून नाही राह्यला?
थांब. माऊस आपटू नको, त्याचा काय दोष.
कुठंतरी भिंत उघडी आहे.
दुरून पाह्यलं तर सगळेच चौकोन बंद दिसते.
आत जाय. चाक फिरव. अजून आत.
पाह्य, बाथरूमच्या कोपऱ्यात
केसाएवढी फट.
तेवढ्यातून अख्खी खोली सांडते
अन् मशीन म्हणते, हद्द सापडली नाही.
स्नॅप चालू ठेवत जाय.
अंदाज गोकुळपेठेच्या बाजारात भाजी घेताना ठीक,
इथं टोकाले टोकच लागते.

वहीत लिहू नको. हातालेच सवय होऊ दे.
रेघ दिसून नाही राह्यली, तर कोणी पुसली नाही,
लेअर गोठवला आहे.
मे महिन्यात नागपुरात
गोठलेलं एवढंच सापडते.

युनिट आधी पाह्य.
मी नवा होतो, तेव्हा हिंगण्याच्या एका मास्तराच्या प्लॅनमध्ये,
इंचाच्या फाइलीत, मिलिमीटरचा संडास टाकला.
मंगल कार्यालयाएवढा झाला.
मास्तर काही बोलले नाही,
फक्त चष्मा पुसला.

सर्व्हेवाल्याची फाइल उघडली की
गोल टाकी दातेरी दिसते, रेघ थरथरते.
बिचारी शून्यापासून लाखो मीटर दूर बसली राहते,
तिले उचलून जवळ आण, शांत होते.
रोज झिरो माइलच्या दगडावरून येतं न तू?
तिथं थांबून पाह्यलं कधी?
मीही नाही.

अन् लाइन गेली, सेव्ह केलं नव्हतं,
तर बॅकअपची फाइल शोध, तिची शेपटी बदल.
उघडते. पण दुपारपर्यंतचीच उघडते,
संध्याकाळचं काम संध्याकाळच घेऊन जाते.
म्हणून सांगतो, कुलरमध्ये पाणी टाकाले
जेव्हा जेव्हा उठशील, आधी सेव्ह करजो.

बोर्डावर होतो तेव्हा असं नव्हतं.
चूक झाली की ट्रेसिंग पेपरवरची शाई
अर्ध्या ब्लेडनं खरवडाची, हळू,
अन् उजेडात धरलं की तिथला कागद
पातळ झालेला दिसाचा.
साहेब बोट ठेवून विचारे,
कुकडे साहेब, इथं आधी काय होतं?

आता कोणी विचारत नाही.

हे जे तू आता करून राह्यली न,
डायमेन्शनवर डबल क्लिक करून
हातानं आकडा टाकून राह्यली,
हे नको करू. रेघ चुकली तर रेघ सरकव.
मी केलं होतं एकदा. नंदनवनची बिल्डिंग.
बाजूले दीड मीटर सोडाचं, जागा नव्हती.
बिल्डर म्हणे, लिहून टाका न, कोण टेप घेऊन येते.
कोणी आलं नाही.
मंजुरीचा शिक्का पाच दिवसांत आला,
मले वर्ऱ्हाडी थाटाचं जेवण भेटलं,
सावजीचं, नाक वाहेपर्यंत.

मी कधी कधी जातो तिकडून.
सिलिंडरवाला पोट्टा टाकी खांद्यावर घेऊन
त्या बोळीतून खेकड्यासारखा आडवा चालते.
भिंतीले त्याच्या उंचीवर
लाल रंगाची घासट पडली आहे, लांबलचक,
सरळ. कोणी स्केल लावून ओढल्यासारखी.

काय म्हणतं? हो, फाइल आहे अजून.
इकडे ये. ही पाह्य.
वर लिहिलं आहे दीड मीटर.
आता त्याच्यावर क्लिक कर, प्रॉपर्टी उघड,
खाली जाय, अजून खाली,
मी टाकलेला मजकूर दिसला?
त्याच्या वरची ओळ वाच.

पाचशे नव्वद.

अकरा वर्षं झाली.
त्या मशीनीले कोणी सांगितलंच नाही
की आता विसर म्हणून.

मी टाकलेलं पुसू नको. राहू दे तसंच.
कुलर गरम हवा फेकून राह्यला, पाणी संपलं वाटते.
मी टाकतो. तू बस.
तू तुह्या बाथरूमची फट बुजव.