मासळीचं पाणी

हर्णैचा चढ सुरू व्हायच्या आधी
मी खाली उतरून बूच काढायचो.
टेंपोच्या हौद्याला मागे, डाव्या अंगाला, एक भोक असतं.
त्यात सोडणाचं बूच.
ते उपसलं की बर्फाचं पाणी, खवले, रक्त
बारीक धारेनं रस्त्यावर.
वजन हलकं, डिझेल कमी.
सगळेच काढतात.
दत्ता वासावे काढतो, परकारांचा इम्तियाज काढतो,
मला ज्यानं गाडी शिकवली तो तर शीळ घालत काढायचा.

हे पाणी दिसत नाही.
डांबरावर ते डांबरासारखंच असतं.
ऊन पडलं तर चमकेल,
पण सकाळी साडेसहाला
काजूंच्या सावलीतल्या त्या वळणावर
ऊन कुठलं?

फेब्रुवारी होता.
आरशात एक मोटरसायकल,
उपकेंद्राच्या नलू सिस्टर, खेराड्यांच्या,
मागे दोरीनं बांधलेला लशींचा निळा डबा.
आरशात त्या होत्या.
मग नव्हत्या.

आवाज फार नाही झाला.
जेटीवरून रिकामी टोपली ओढावी, तेवढाच.
मी धावत गेलो तर त्या गटाराच्या कडेला बसलेल्या,
एका हातानं डबा उघडून
आतला बर्फ बघत होत्या.
दुसरा हात उचलत नव्हता.
मग म्हणाल्या, हे काढा जरा डोक्यावरचं.
उजव्या कानाच्या वर
हेल्मेट आतल्या पांढऱ्या थर्माकोलपर्यंत खरवडलेलं.
त्यांनी त्या खाचेत बोट घातलं,
तेच बोट नंतर कानशिलावर, त्याच जागी, टेकवलं
आणि थोडा वेळ तसंच ठेवलं.

बाहीचा वास घेतला.
"बांगडा," म्हणाल्या. "तुमचाच ना?"

मी काय बोलणार?
"इथे नेहमीच असतं हो. मीच हळू यायला हवं होतं."

शिवी दिली असती तर मी परत दिली असती.
ह्याला उत्तर नव्हतं माझ्याकडे.
अजून नाही.

त्याच संध्याकाळी ट्यूबचा तुकडा गुंडाळून
बूच हातोडीनं ठोकून बसवलं.
बंदरावर हसले.
पुढल्या वर्षी टेंपोच विकला.

आता जुनी मोटरसायकल आहे,
दोन बाजूंना सुक्या मासळीच्या गोणी.
दोन चाकांवर आलो तेव्हा
हाच रस्ता मला नव्यानं भेटला.
जांभ्याची बारीक खडी कुठे वाहून येते,
कोणाची म्हैस अंधारात मधोमध रवंथ करते,
खाऱ्या वाऱ्यानं ब्रेकची तार किती महिन्यांत गंजते,
चौघांच्या आड बसून यातलं काय कळत होतं?

भाचा रूपेश नवी गाडी घेऊन आला.
त्याला म्हटलं, काच बोटभर उघडी ठेव.
वास आला की वळणाआधीच वेग उतरव,
वळणात पुढचा ब्रेक आवळू नको,
गाडी झोपवू नको.
तो म्हणाला, मामा, रस्ता मोबाइल सांगतो.
म्हटलं, मोबाइलला बांगडा कळतो काय?
हसला.
पण जाताना काच वर केली त्यानं, बोटभर.

रविवारी सॉ मिलमधून पोतंभर भुसा आणतो,
वळणावर पसरतो.
एसटी येते, अर्धा उडवून नेते.
इम्तियाज टेंपोतून ओरडतो, काय रे, रांगोळी काय?
मी पुन्हा पसरतो.
पुण्य वगैरे काही नाही यात.
उधारी आहे, सुट्या पैशांत फेडायची.

कधी कधी नलू सिस्टर येतात त्या वेळी.
नवं हेल्मेट, तोच निळा डबा.
वळणाच्या बऱ्याच अलीकडे त्यांच्या गाडीचा आवाज खाली येतो.
भुशावरून जाताना
मला हात करत नाहीत.
दोन्ही हात हँडलवर असतात.
हेल्मेट फक्त
जरासं हलतं.