बोटभर सावली

क्लायंटला हसरी मुलं हवी होती.
पांढरे कोट, हातात निळं पाणी भरलेलं चंचुपात्र,
मागच्या फळ्यावर ते एकच समीकरण
जे अशा सगळ्या फळ्यांवर असतं.
'विज्ञान म्हणजे मज्जा!'
अरबीत उजवीकडून, इंग्रजीत डावीकडून,
मधोमध दोन्ही मज्जांची टक्कर.

मी ते केलं. तीनदा केलं.
तिसऱ्या वेळी मनात आलं, पाणी निळं का?
बरं दिसतं म्हणून.
ह्याच्या पलीकडे माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दहावीत गणिताला दीडशेपैकी पंचावन्न.
निकालाच्या दिवशीच मी रंगांच्या पेटीत लपले
आणि लपत लपत मस्कतपर्यंत आले.
आता पगार मिळतो तो
दुसऱ्यांच्या मुलांना गणिताकडे ढकलायचा.

रुवीच्या बस थांब्यावर
मागच्या जूनमध्ये उभी होते. दुपार.
दिव्याच्या खांबाची सावली शोधत होते, उभं राहायला.
सावली नव्हती.
खांबाने ती खिशात घातली होती.

म्हणून हा फलक:
सहा मीटरचा खांब, त्यावर पांढरी पाटी, पाटीवर एवढंच:
'एकवीस जून. बारा वाजून आठ मिनिटं.
माझी सावली कुठे गेली?'
कोपऱ्यात नंबर, मुंगीएवढा.

क्लायंट म्हणाला, उत्तर कुठाय?
म्हटलं, उत्तर छापलं की माणूस पुढे जातो.
तो म्हणाला, रस्ता त्याचसाठी असतो.
पण बजेट उरलं होतं, आणि महिना संपत होता.
चांगल्या कल्पना बहुधा अशाच मंजूर होतात.

खांब लावायला लियाकत फणसोपकर.
ओळंबा सोडून एक डोळा मिटलेला,
दोरी थांबेस्तोवर श्वास धरून.
पाटी वाचली आणि शिडीवरूनच म्हणाला,
"मॅडम, पुरी नाय जायाची. बोटभर ऱ्हाईल."
"कशावरून?"
"बावीस वर्सं खांबच उभे करतोय हितं.
आमच्या गावाला पुरी जाते, दोनदा.
मे महिन्यात एकदा. दुसऱ्यांदा ऑगस्टात,
तेव्हा ढगात कोणाला दिसत नाय.
हितं सूर्य डोक्यापर्यंत येतो
आणि केसाएवढा अलीकडे थांबतो."
नववी नापास, हे त्यानेच सांगितलं,
स्क्रू पिळता पिळता.

ऑफिसात येऊन नकाशा उघडला.
कर्कवृत्त शहराच्या जरासं खाली.
जरासंच. बोटभर.

रात्री पाटीवरचा एकही शब्द बदलला नाही.
फक्त पायथ्याशी, उत्तरेच्या बाजूला,
मिलिमीटरची पट्टी छापून चिकटवली.

एकवीस तारीख. चव्वेचाळीस अंश.
साडेबाराला उघड्यावरची कामं बंद होतात,
म्हणजे लियाकतकडे बावीस मिनिटं.
आणखी कोण? इस्त्रीवाल्याचा पोऱ्या, हातात हँगर.
आठवीतली बदरिया, दोन कंटाळलेल्या भावांसह.
क्लायंट, काचा बंद गाडीत.
धरून सवरून सात. गर्दी म्हणता येणार नाही.

बारा आठ.
सावली आक्रसत आली, पायथ्याशी टेकली, आणि राहिली.
बदरिया गुडघ्यांवर बसली.
"सोळा," म्हणाली. मग पुन्हा वाकून, "कडा पुसट आहे. पंधरा ते अठरा."
ते 'ते' ऐकून
माझ्या अंगावर काटा आला, त्या उन्हात.
लियाकतने आपलं बोट शेजारी धरून पाहिलं
आणि काही न बोलता शिडी आवरली.

अहवालात रकाना होता: किती मुलांनी नाव नोंदवलं?
मी लिहिलं, चार.
क्लायंटने ते लाल केलं.

जुलैत एक फोन आला. बाई तावातावाने,
"ती सावलीची पाटी तुमचीच ना?
पोराने गच्चीभर खडूने रेघा मारल्यात,
रोज दुपारी एक, वर तारीख.
पुसू देत नाही. म्हणतो, डिसेंबरपर्यंत थांब.
मी वाळवण कुठे घालू?"

मी म्हटलं, डिसेंबरपर्यंत
रेघ फार लांब जाईल हो.
वाळवण दक्षिणेला घाला.