मुदत

बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणावर हरीण.
मालूताईचे दिवस झाल्यावर
तिच्या पलंगाखालून ओढून काढला.
आत गोळ्या. हिरव्या पट्ट्या, चंदेरी पट्ट्या,
कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीत अर्ध्या कापलेल्या,
काकवीसारखं तळाशी बसलेलं खोकल्याचं औषध.
इन्शुलिनच्या सुया मात्र
तिनं आधीच शाम्पूच्या जाड बाटलीत भरून
बुचाला चिकटपट्टी गुंडाळून
वर लिहून ठेवलेलं, ड्रॉइंगच्या बाईच्या वळणदार अक्षरात:
सांभाळून.
घंटागाडीवरच्या शेवंताचं बोट एकदा सुजलं होतं,
ते ही विसरली नव्हती.

महापुरात गणपती पेठेत होडी आली
तेव्हा तिनं पासबुक घेतलं नाही,
चित्रांची फाइल घेतली नाही,
हा डबा घेतला मांडीवर.
होडीतल्या कुणा म्हाताऱ्याला त्यातली
बीपीची गोळीही दिली म्हणे.
मगदूमना सांगितलं असतं तर ओरडले असते.

मी आधी सरकारी घाटावर गेलो,
पिशवी घेऊन, दिवेलागणीनंतर, चोरासारखा.
हाडं इथंच सोडली, औषधंही इथंच, असा हिशेब.
पाणी खाली गेलेलं. पुलाचे दगडी पाय उघडे.
एक पोरगा गळ टाकून बसलेला,
त्यानं विचारलं, काका, काय सोडताय?
काही नाही म्हणालो, आणि वळलो.

भूपाल मगदूम, औषधांचं दुकान, चाळीस वर्षं तीच खुर्ची.
"नदीत नको ओ सर. मासे काय
डॉक्टरची चिठ्ठी घेऊन येतात?
संडासातपण नको, ते फिरून कृष्णेतच.
खाली म्हैसाळ आहे, पुढं कर्नाटक,
सगळ्यांच्या तांब्यात हेच पाणी.
झोपेच्या आणि त्या कॅप्सुली माझ्याकडं द्या,
दवाखान्याच्या कचऱ्याची गाडी येते, तिच्यात घालतो.
बाकीच्या पट्टीतून काढा, चहाच्या चोथ्यात कालवा,
पिशवीला घट्ट गाठ.
कुत्र्यानं, पोरानं, कुणी उचलून खाऊ नये, एवढंच.
आणि नाव खोडा चिठ्ठीवरचं."

तीन दिवसांचा चोथा साठवला.
एकट्याचा चहा, चोथा तरी कितीसा.
मग ओट्याशी उभा राहून एकेक गोळी दाबली.
टक्. टक्.
गुलाबी रंग सुटला, पिवळा सुटला,
परातीत तिच्या पॅलेटसारखं काहीतरी झालं.

मग हृदयाच्या गोळ्यांची पट्टी.
पंधराच्या पंधरा जागच्या जागी.
दुसरी घेतली. पंधरा.
तिसरी.
मागची तारीख बघत गेलो, चष्मा पुसून:
जानेवारीपासून एकही कप्पा फुटलेला नाही.
विकत मात्र दर महिन्याला आणलेल्या,
बिल फ्रिजवर, चुंबकाखाली, मला दिसेल असं.
आणि मी रोज, पेपरातून मान न काढता:
गोळी घेतलीस?
आणि ती, आतून:
हो रे.

ह्या पट्ट्यांची मुदत अजून आहे.
पुढच्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत.

मगदूमना परत नेऊन दिल्या,
ते म्हणाले, ह्या चांगल्या आहेत की,
पण विकता येत नाहीत हो परत आलेल्या.
ते माझ्याकडं बघत होते.
मी दुकानातल्या पंख्याकडं.

राहिली चिठ्ठी.
कु. मालिनी वसंत तांबट, वय ७१, स्त्री.
तिच्याच कंपासपेटीतला काळा स्केचपेन,
टोक सुकलेलं, जिभेला लावून ओलं केलं.
मा वर पहिली रेघ ओढली
आणि तिचा वर्गातला आवाज आला,
छत्तीस वर्षं सातवी ब ला सांगितलेलं एकच वाक्य:
काळा रंग सगळ्यात शेवटी, मुलींनो,
आणि मला विचारून.